हजारात एक

कतल्याचं पोट फाडताना
पित्ताच्या पिशवीला पावशी लागू द्यायची नाही,
लागली की अख्खा मासा कडू.
हे मला भागरथाबाईनं सांगितलं,
मी तिला संमतीपत्र समजावत होतो तेव्हा.

साकोलीच्या पुढे, तळ्याच्या पाळीला टेकलेला आमचा दवाखाना.
सोळा खाटा, एक सोनोग्राफी,
आणि दर दुसऱ्या बुधवारी भंडाऱ्याहून येणारे मोठे सर.
नऊ नंबरवर हिवराज. वय सतरा. डोळे पिवळे.
दारू नाही, काविळीच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या.
रक्ताला जेवढं सांगता येतं
तेवढं सांगून ते गप्प झालेलं.

"सुईनं यकृताचा तुकडा काढावा लागेल."
"थे काय रायते?"
"काळीज," मी म्हणालो.
तिनं हातातली पिशवी खाली ठेवली,
माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे.
माझा शब्द मला
जरा उशिराच ऐकू आला.

मी घाईनं आकड्यांकडे वळलो.
दुखेल. चौघांत एकाला, कधी उजव्या खांद्यात.
"सुई बरगडीत अन् दुखन खांद्यात?"
हो.
आतून मोठा रक्तस्राव, हजारात एखाद्याला.
"आमच्या गावात तेराशे मानसं हायेत," ती म्हणाली,
"म्हंजे एकाले.
कोनाले, थे लिवलं हाय का यात?"

नव्हतं लिहिलेलं.

"अन् पित्ताले लागली त?"
तोंडी परीक्षेत हाच प्रश्न मला आला होता.
तेव्हा उत्तर लवकर सुचलं होतं.
पडद्यावर पिशवी दाखवली, काळीशार,
आणि सुईची वाट, तिच्यापासून लांबून.
तिनं काचेवर बोट ठेवून मधलं अंतर मोजलं.
मग सही केली, अक्षर अक्षर थांबून.

श्वास सोड. आता घेऊ नको.
खट्. पेनाचं बटण दाबावं तेवढाच आवाज.
हिवराज म्हणजे अडकलेलं जाळं
तळाशी बुडी मारून सोडवणारा पोट्टा.
सर "घे" म्हणाले
तरी त्यानं दम धरूनच ठेवला,
आणि तेवढ्यात माझा सुटला.

बाटलीत तरंगणारा तुकडा,
शेवईच्या तुटक्या काडीएवढा.
"एवढ्यावरून समजते?"
"बहुतेक."
"शितावरून भात," ती स्वतःशीच म्हणाली.

मग उजव्या कुशीवर दोन तास.
दर पंधरा मिनिटांनी नाडी:
चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, शहाऐंशी,
एकशे चार.
मी पुन्हा मोजली. एकशे दोन.
पोट दाबलं, मऊ. दाब ठीक. खिडकीबाहेर
कोणीतरी पाळीवर म्हशी हाकत होतं.
तेराशेंतला तो एक
या खोलीत आहे की नाही,
मला माहीत नव्हतं.
"मले मुतायचं हाय," हिवराज म्हणाला,
"कवापासून सांगाले लाजून रायलो."

संध्याकाळच्या एसटीनं बाटली नागपूरला.
स्टँडवर ती सोबत आली.
फॉर्मॅलिनमध्ये काही नासत नाही,
हे मी तिला दोनदा सांगितलं होतं.
कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?"
आम्ही दोघंही बोललो नाही.
मी चिठ्ठी पुढे केली.
ती म्हणाली,
"उनात नोको ठेवजा, दादा."