पेला हलवणं

मिझअल शरीदा, वय एकसष्ट,
कुवेतच्या त्या सभागृहात कॉफी ओततो.
डाव्या हातात चोचीचा पितळी दल्ला,
उजव्यात पेले, एकात एक.

अल्जीरियाच्या साहेबांना पुदिन्याचा चहा.
बसऱ्याच्या माणसाला बारीक कमरेची काच,
साखर बुडाशी, ढवळायची नाही.
लिबियाचा पाहुणा काहीच घेत नाही,
खजुराच्या बिया ओळीत लावतो
आणि मोडतो.

मधे टेबलभर आकडे.
कुणी किती बॅरल कमी काढायचं?
आधी तुम्ही. छे छे, आधी तुम्ही.
दारात खोळंबलेल्या पाहुण्यांसारखं.

मिझअलला आकड्यांतलं कळत नाही.
त्याचा बाप मोत्यांसाठी बुडी मारायचा,
नाकाला चिमटा, कमरेला दोर.
वर दोर धरणारा कुठला कोण,
भांडण होतं म्हणे दोघांत, पाण्यावरून की उंटावरून.
पण झटका बसला की ओढायचा.

पुरे झालं की पेला हलवायचा,
मनगटातून, दोनदा. बोलायचं नाही.
न हलवणाऱ्याला ओतणारा ओततच राहतो,
वाळवंटाचा हा जुना रिवाज.

रात्रीचे साडेअकरा. पाचवा दल्ला.
कुणीच हलवत नाही.
वेलदोड्याचा वास पडद्यांत मुरलेला,
दुभाष्याला भलत्याच वेळी जांभई.

मग कोपऱ्यातला बहरीनचा म्हातारा,
ज्याच्या जमिनीत तेल सगळ्यांत थोडं,
त्यानं पेला उचलला,
हलवला.

मिझअल थांबला.
दल्ल्याच्या चोचीला एक थेंब लोंबत राहिला,
आणि सगळे त्याच्याकडे बघत.