फेरीचा भाव

पेट्रोल आणायला पेट्रोल लागतं,
हे गणित आमच्या शाळेत नव्हतं.

तोरणमाळला पंप नाही.
म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी
दोन रिकामे कॅन मोटारसायकलला बांधून
मी घाट उतरतो, गाडी बंद करून.
सातपायरीची सातही वळणं फुकट.
कॅन एकमेकांवर आपटत राहतात,
कठड्यावरची माकडं वरात बघतात
आणि कोणी उठत नाही.

म्हसावदच्या पंपावरचा पोरगा म्हणतो,
प्लास्टिकमा देत नही, भो.
मग खिशातलं पत्र, ग्रामपंचायतीचा शिक्का
बरोबर घडीवर फाटलेला.
तो मोठ्याने वाचतो, पर्यटन नौकेकरिता.
हसतो. नौका म्हणे!
मागे रांगेत पपईचा टेम्पो, एक ट्रॅक्टर,
शहाद्याला निघालेली रुग्णवाहिका.
सगळ्यांना कुठेतरी पोचायचंय.
आमची बोट जिथून निघते तिथेच परत येते,
त्यासाठी चाळीस लिटर दे, म्हणताना
माझा आवाज जरा खाली जातो.

चढताना गाडी कण्हते.
उतरताना वाचवलेलं सगळं
तिसऱ्या वळणापर्यंत पिऊन टाकते.

धक्क्यावर रायमल पावरा उभा असतो.
ऑइलची पिशवी दातांनी फोडतो,
बाटलीवर नखाने ओढलेल्या रेघेपर्यंत ओततो,
कॅन मांडीवर घेऊन हलवतो.
एका फेरीला पाऊण लिटर.
त्याची बायको पावरीत काहीतरी म्हणाली एकदा.
रायमलने मला मराठी करून सांगितलं:
एवढ्या पैशांत तर मी एकेकाला
पाठीवर घेऊन तळ्याभोवती फिरवेन.

लोक विचारतात, माणशी ऐंशी?
गेल्या दिवाळीत साठ होते.
सेंधव्याचा एक काका म्हणाला,
अहो, पाणी तर फुकटच आहे ना?
त्याचं काय चुकलं?
पाणी फुकटच आहे.

आज गुरुवार. पितृपक्ष, गिऱ्हाईक नाही.
दुपारी अमळनेरच्या एक बाई आल्या, एकट्या.
सहा जणांचे पैसे मोजून दिले.
एकाच माणसाने बोट नाक वर करते,
म्हणून वजनाला मी पुढे बसलो.
मधोमध गेल्यावर त्या म्हणाल्या,
बंद करा ते.

रायमलने बंद केलं.
आवाज गेल्यावर कळलं, केवढा होता.
पलीकडच्या काठावर कोणी सरपण फोडत होतं,
कुऱ्हाड आधी पडायची
आणि घाव मागून यायचा.
बाई बोलल्या नाहीत. रडल्याही नाहीत.
चपला काढून, पाय वर घेऊन बसल्या,
माझी आत्या टीव्हीसमोर बसते तशा.
मी मनात मांडत होतो,
वीस मिनिटं, शून्य लिटर,
हा धंदा बरा.

मग म्हणाल्या, चला.
रायमलने चोक ओढला, दोरी ओढली.
सहा वेळा. सात. अकरा.
इंजिन नुसतं खोकलं,
आणि पेट्रोल गळून पाण्यावर आलं,
जांभळं, हिरवं, मध्येच सोनेरी,
पैठणीच्या काठासारखं लांबत गेलं.
बाई वाकून बघत राहिल्या.
म्हणाल्या, किती सुंदर!
रायमलने माझ्याकडे बघितलं.
अर्धा लिटर तरी सुंदर होतं.

बोट शेवटी वल्ह्यांनी आणली.
बाईंनी जाताना वर वीस रुपये दिले, चहाला.
वहीत लिहिलं: फेरी एक, सव्वा लिटर.
पुढे कारणाचा रकाना आहे.
ठेकेदार तो नेमका वाचतो.
तो कोरा ठेवलाय.

उद्या शुक्रवार.
रायमलने दोन्ही कॅन उलटे टांगलेत,
खाली एक बाटली.
रात्रभर थेंब पडतील.
तेवढ्यावर
शेवटचं वळण निघतं.