वीस नंबरला कोण राहतं

एकतीस वर्षं मी तार्तूत टपाल वाटलं,
सूपनगरी म्हणतात त्या भागात, जिथे रस्त्यांना भाज्यांची नावं:
वाटाणा, बटाटा, आणि आमचा हा घेवडा.
पत्ता म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

तरी फेब्रुवारीत रेडिओ अडखळायला लागला.
समुद्रावरचं हवामान सांगता सांगता
‘पर्नूच्या आखातात बर्फ…’
आणि गप्प.
मिनिटभराने परतायचा, भलत्याच वाक्यात,
जणू मध्येच कुणी त्याला दाराशी बोलावून नेलं होतं.

राइनर म्हणाला, आई, रेडिओ जुना झालाय.

राइनर जानेवारीत आला, ताल्लिन सोडून.
दोन बॅगा, एक सायकल, एक काळा डबा.
डब्यात म्हणे नऊ वर्षांचे फोटो.
तो त्याने जिन्याखाली ठेवला, मुरंब्याच्या बरण्यांशेजारी.
रात्री गुरगुरतो.
मी काही विचारलं नाही, डब्याला नाही, राइनरला नाही.

कंपनीतला पोरगा फोनवर गोड बोलला:
राउटर बंद करा, दहा मोजा, चालू करा.
मी पन्नास मोजले.
दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या.
रोज चुकणारं पत्र सापडतं.
अधूनमधून चुकणारं
माणसाला वेडं करतं.

मग वही काढली.
मंगळवार. प्रिंटर बंद ठेवला. अडखळला.
बुधवार. शेजारच्या हेल्युला आमच्या वायफायवरून उतरवलं.
ती रागावली. तो अडखळलाच.
गुरुवार. राइनर कामावर. गुडघे टेकून
जिन्याखालच्या डब्याची निळी तार उपसली.
हवामान संपलं, बातम्या संपल्या,
हेरिंगचे भावसुद्धा संपले,
रेडिओ एकदाही खाकरला नाही.

राउटरच्या यादीत १९२.१६८.१.२०: रेडिओ.
तार परत खोचली, पान पुन्हा उघडलं.
१९२.१६८.१.२०: दुसरंच कुणीतरी.
डब्याच्या पोटावरच्या चिठ्ठीशी बारा अक्षरं
चष्मा पुसून पुसून ताडून पाहिली.
तोच.

राउटर हाक मारतो: वीस नंबरला कोण राहतं?
दोघं म्हणतात, मी.
शेवटी जो ओरडला, टपाल त्याच्या हातात.
पत्ता दोघांचा एक, म्हणून पत्र बेपत्ता.

हे मी पाहिलंय. त्र्याण्णव साली
सात नंबरचे मालक स्वीडनहून परतले,
भाडेकरू हलेनात.
वर्षभर एका दारात दोन पेट्या,
आणि मी पायरीवर, हातात एकच विजेचं बिल.

रेडिओ बिचारा रीतसर भाडेकरू.
रोज राउटरकडे जागा मागतो, चोवीस तासांच्या कराराने राहतो.
डबा मागतच नाही.
त्याच्या आत कुणीतरी हाताने लिहून ठेवलंय: मी वीस.

संध्याकाळी वही राइनरपुढे सरकवली.
सूप निवेपर्यंत वाचत होता.
‘तिकडचा नंबर आहे,’ म्हणाला. ‘बदलायचा राहिला.’
राहिला म्हणाला.
विसरलो म्हणाला नाही.

पासवर्ड टाकताना त्याने पडदा जरासा वळवून घेतला.
मी खिडकीतून हेल्युची मांजर पाहिली,
हवी होती त्यापेक्षा जास्त वेळ.

‘आता कुठला देऊ?’
‘दोनशे दे. राउटर शंभराच्या पुढे वाटपच करत नाही,
तिथे कुणी येणार नाही तुझ्या वाटेला.’
‘इतक्या लांब?’
‘जिन्याखालीच आहे रे तो. नंबर लांबचा.’

मग मी पांढऱ्या पट्टीवर २०० लिहिलं,
डब्यावर चिकटवलं.
शेजारच्या बरण्यांवर माझ्याच अक्षरात:
गूजबेरी, गेल्या वर्षीची.
गूजबेरी, त्याच्या आधीची.
एकीवर नुसतंच वर्ष. त्यात काय आहे
ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

पर्नूच्या आखातात बर्फ, आठ सेंटिमीटर.
वारा नैऋत्येचा.