आढळ

बोहोलच्या दक्षिणेला, पहाटे चारला
एलिगिओ जाळं ओढतो.
मासे धरायचं नव्हे हे, गुंतवायचं जाळं.
रात्रभर खोल उतारावर नुसतं पडून असतं,
चालणारं जे काही असेल ते त्यात पाय अडकवून बसतं.

शंख आधी वेगळे. शंखांना भाव आहे.
उरलेलं अगापिता निवडते,
तांदळातले खडे निवडावेत तसं. आज त्यात
हा.

अंगठ्याच्या पेराएवढा.
पाठ लांबीपेक्षा रुंद, चपटी,
कडेला चार दाते, चौथा बोथट,
घडवणाऱ्याला तेवढ्यात कुणी हाक मारली असावी.
उजवी नांगी थोरली.
अंगभर रवाळ दाणे, दाण्यांमधून पिवळट लव.
आणि मागचे चार पाय
चालायचे नाहीतच. ते पाठीवर वळलेले,
एक अर्धा शिंपला धरून.
घर नव्हे. नुसतं छप्पर.

"टाक तो. ना मांस, ना मोल."
तिने टाकला नाही.
तळाशी उरलेल्या रममध्ये बुडवून
बाटली खिडकीत ठेवली.
शिंपला मात्र एलिगिओने आधीच सोडवून घेतला होता,
गुलाबी, न चिरलेला. चाळीस पेसो आले.

जुलैत संग्रहालयातली बाई आली.
भिंग लावलं आणि बोलायचीच थांबली.
मग म्हणाली, असे जगात सहा. हा सातवा.
नकाशा उलगडला: इतक्या निळ्यावर सहा ठिपके,
तीन तर इथलेच, एकमेकांना खेटून.
"म्हणजे त्याला हीच जागा आवडते," बाई म्हणाली.

अगापिताने ठिपक्यांवर बोट फिरवलं.
हा दीर. हा दिरोबाचा मुलगा, नाव विकून मनिलाला गेला तो.
हा आमचा, वादळाच्या वर्षीचा.
"बाई, ही खेकड्याची जागा नव्हे.
आमची जाळी जिथवर पोचतात, ती."

बाईने ते लिहून घेतलं, की लिहिल्यासारखं केलं,
नीट दिसलं नाही.
मग बाटली उजेडात धरून विचारलं,
"पाय असे वर का? काय धरलं होतं याने?"

एलिगिओ समुद्राकडे बघू लागला.
अगापिताने दोन्ही हात उचलले,
तळवे आभाळाकडे, बोटं किंचित वाकवून,
आणि तशीच उभी राहिली.