निळे दाणे

बातमी किरीटभाईंनी दाखवली,
तिकीट-खिडकीतून हात बाहेर काढून:
"जुओ, तुमच्या बाईच्या गावची."

माझी बाई म्हणजे कमाटीबागेतल्या म्युझियममधली,
काचेखाली निजलेली, पार मिसरहून आलेली.
मी तिच्या पेटीतले दाणे बघतो.
निळे असले तर हवा कोरडी.
गुलाबी झाले तर वहीत नोंद, साहेबांना फोन.
बावीस वर्षं एवढंच.

डोंगराच्या पोटात एका राजाची कबर सापडली होती.
उतरत्या पायऱ्या, दगडासारखा घट्ट झालेला गाळ,
आणि छताचा एक तुकडा शाबूत,
निळ्यावर पिवळ्या चांदण्या.
राजा नव्हता. सोनं नव्हतं.
फुटक्या बरण्यांची खापरं तेवढी.
किरीटभाई म्हणाले, चोर.
पण खोदणारे म्हणत होते, पाणी.
पुरल्यावर थोड्याच वर्षांत आत पाणी शिरलं
आणि कुणीतरी येऊन त्याला
उचलून दुसरीकडे ठेवलं.

कुणीतरी.

गोकुळाष्टमीच्या रात्री परशुराम भठ्ठ्यात
विश्वामित्री आधी मोरीतून वर आली,
मग दारातून, रीतसर.
दादा अर्धांगानं पडलेले.
मी, उद्धव आणि वरचा इक्बाल घांची,
तिघांनी त्यांना खुर्चीला धोतरानं बांधलं
आणि जिना चढायला लागलो.
वळणावर खुर्ची अडकली.
"आडवी धरा, आडवी," दादा ओरडले,
"राजमहालात चाळीस वर्षं कपाटं हलवलीत मी!"
आईच्या लोणच्याच्या दोन बरण्या तिथंच फुटल्या.
खाली अंधारात काहीतरी शेपूट आपटत होतं.
बॅटरी कुणीच मारली नाही.

त्या डोंगरातही वळण असणार.
कुणाचा पाय रुतला असेल, बरणी निसटली असेल,
मागच्यानं पुढच्याला अर्धी शिवी दिली असेल
आणि अर्धी गिळली असेल,
खांद्यावर कोण आहे ते आठवून.
भिंतीवर हे कोरत नाहीत.

पाणी ओसरलं तेव्हा मी आधी म्युझियममध्ये आलो,
घरी नंतर. आईला हे अजून ठाऊक नाही.
बाई कोरडी होती.
दाणे गुलाबी, शेव-उसळीवरच्या कांद्यासारखे.
ते ताटात पसरून भट्टीत ठेवले.
निळेपण कडेनं परत येतं,
मधले दाणे शेवटपर्यंत हट्ट करतात.

दादा दिवाळीआधी गेले. चौघांनी उचललं,
या वेळी कुणीच सूचना देत नव्हतं.
घरातली रेघ अजून आहे, माझ्या छातीइतकी उंच.
उद्धव म्हणतो रंग मारू. मारू.

आज शाळेची सहल होती.
एक मुलगी काचेला नाक लावून:
"काका, आने तरतां आवडे?"
हिला पोहता येतं का.

नाही, म्हटलं. उचलावं लागतं.

काचेवर तिच्या नाकाचा दमट ठसा.
फडकं कुठं ठेवलंय, शोधतोय.