हात धुवायचे नाहीत

हात धुवायचे नाहीत, म्हणाला आर्विद नोरलिंग,
चार दिवस.
आणि मी धुणेवाली.
मी हसले, तसा तो कानापर्यंत लाल झाला.
मग तासाला पंचवीस ओरे ठरले
आणि माझं धुणं गुन्निलनं घेतलं, अर्ध्या पैशांवर.

उप्सालात फेब्रुवारीतला दिवस तो केवढा,
दिवा लावूनच बसायचो.
टेबलावर माझा डावा हात, पालथा,
दुकानात मांडलेल्या माशासारखा.
पितळेची पोकळ, टोकदार नळी,
तिच्यातून कधी बर्फाचं पाणी फिरे, कधी कढत.
टोक केसभर सरके. मी म्हणे:
काही नाही. काही नाही. काही नाही.
थंड.
तिथे निळ्या शाईचा ठिपका.
गरमला लाल; ते फार थोडे पडले.
मला वाटलं, माझ्याच हातात ऊब कमी.
नाही, म्हणाला, सगळ्यांचं असंच,
आणि बाही सारून
आपला ठिपक्याठिपक्यांचा हात पुढे केला.
आजवर कुणा पुरुषानं मला
इतकं उघडं काही दाखवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कढत टोक
त्यानं एका निळ्या ठिपक्यावर टेकलं.
थंड, मी म्हणाले.
त्यानं नळी स्वतःच्या ओठाला लावून पाहिली,
चटका बसला.
पुन्हा टेकली. नीट सांगा, बोटिल्डा.
थंड.
तो लिहीना. टाकावरची शाई वाळली.
खोटंच बोलायचं असतं
तर दर वाढवून नसता मागितला?

मग मीच त्याला फ्यूरिस नदीचं सांगितलं:
बर्फाला भोक पाडून चादरी खळबळताना
बोटं आधी दुखतात, मग असून नसल्यासारखी होतात,
आणि शेवटी भाजू लागतात,
चुलीत घातल्यासारखी.
आमच्यात हे पोरींनाही ठाऊक.
त्यानं बरंच काही लिहिलं,
पण जर्मनमध्ये.

चौथ्या रात्री साबण घेऊन बसले.
निळे लगेच गेले.
लाल दोन-तीन हटून राहिले, मनगटाजवळ.
सिक्स्टेन विचारू लागला, आई, हा गोवर?
मी डोळे मिटले, त्याला म्हटलं, लाव बोट कुठेही.
लावलं.
चिकट, मी म्हणाले.
पाकाची बरणी कुठे ठेवली होती मी?