दोरा

मेदेबेरच्या बाजारात, जिथे तेलाच्या पिंपांच्या शेगड्या होतात
आणि ट्रकच्या स्प्रिंगांचे कोयते,
तिथे भिंतीला टेकून उभा होता हा सांगाडा.
चाकं नाहीत, बैठक नाही,
हँडलच्या जागी नुसतं उघडं तोंड.
विकणारा म्हणाला, गुरुजी, अस्सल इटालियन.
अस्मारात जे जे मोडकं ते सगळं इटालियनच असतं.
मी घासाघीस न करता पैसे दिले.

घरी आणल्यावर दिसलं:
खालच्या नळीला, सांध्यापाशी, एक केस.
डोक्यावरून गळून ओल्या बोटाला चिकटावा, तसा.
नखाने काढायला गेलो.
नख अडकलं.

रात्री अंगणात बसून रंग खरवडला.
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली शाळेच्या बाकांचा तपकिरी,
त्याखाली लाल, आणि लालवर कुणीतरी खिळ्याने कोरलेलं
नाव: गेब्रे...
आमच्याकडे पुरुषांची कितीतरी नावं अशीच सुरू होतात.
गेब्रे म्हणजे दास.
कुणाचा, ते माझ्याच पॉलिशकागदाखाली गेलं.

मग दोरा.
सव्वीस वर्षं भूमिती शिकवतो मी.
फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेषा काढतो,
पोरं मागून टाळ्या वाजवतात.
मागच्या एका खाचेला दोरा बांधला,
पुढच्या तोंडाला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणला.
बैठकीच्या नळीपासून डावीकडे एकतीस मिलिमीटर.
उजवीकडे सत्तावीस.
दिवा जवळ ओढून पुन्हा मोजलं. तेच.
म्हणजे तो गेब्रे की कोण,
वर्षानुवर्षं जरासा वाकडा बसून
सरळ जात होता.

फळी आत घातली, पाय रोवले, ओढलं.
पोलाद हूं की चूं करेना.
अजून थोडं.
मग ते इतकं झटकन ऐकलं की मलाच धस्स झालं.
डावीकडे अठ्ठावीस. उजवीकडे तीस.
वर्गात एवढ्यासाठी मी मार्क कापतो.
इथे फळी बाजूला ठेवली.

टाकणखार सोनाराकडून आणला, पितळेची कांडी त्याच बाजारातून.
अब्रेहेतकडे कॉफीची शेगडी मागितली.
ती म्हणाली, आधी कॉफी.
तीन पेले झाल्याशिवाय या घरात निखारा उसना मिळत नाही.
पहिला अवेल, दुसरा कालाय,
तिसरा बेरेका, म्हणजे आशीर्वाद;
तो सगळ्यात पातळ असतो.

सेमहारने तिचा हेअर ड्रायर निखाऱ्यांवर रोखला.
पितळ पाऱ्यासारखं गोळा झालं आणि घरंगळून राखेत पडलं.
घाई नडली. मळ राहिला होता.
थंड होऊ दिलं, घासलं, पुन्हा टाकणखार.
भिंतीपलीकडून झेरेझगी म्हातारा ओरडला,
काय जाळताय, शिक्षणखातं?
आम्ही उत्तर दिलं नाही.
नळी लाल झाली, नारिंगी झाली,
मग मला नाव न येणाऱ्या एका रंगाची,
आणि पितळ आपणहून त्या फटीत शिरलं
भांगात तेल उतरावं तसं.
तेवढ्यात वीज गेली.
अंधारात बराच वेळ ती एक रेघ तेवढी दिसत होती.

सकाळी पान्याने ठोकून पाहिलं. नाद भरीव.
वरून निळा रंग देणार होतो.
सेमहार म्हणाली, तिथे नको, बाबा,
हा डाग मी अंगावर घालूनच फिरणार.

चाकं जमवायला पाच आठवडे लागले.
रविवारी ती ताडांच्या रस्त्याने निघाली,
कॅथेड्रलपर्यंत जाऊन धापा टाकत परत आली.
छान आहे, म्हणाली. फक्त उजवीकडे जराशी ओढते.
माझा हात आपोआप खिशातल्या दोऱ्याकडे गेला.
पेले विसळता विसळता अब्रेहेत म्हणाली,
तूही ओढतोस.

मी कधी पाहिलंच नव्हतं.
चपला काढून उलट्या केल्या.
उजवी टाच पार झिजलेली.